नळ चालू, ऐकू येत नाही

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कचेरीच्या दारावर ‘शिवणयंत्र दुरुस्ती व प्रशिक्षण केंद्र’ अशी पाटी होती, आणि आत एकोणीस माणसं अकरा वर्षं एकाच माणसाचा खोकला लिहून घेत होती.

तो माणूस रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहायचा. कागदावर तो एका परक्या देशाच्या वकिलातीतला सांस्कृतिक अधिकारी. म्हणजे चित्रांची प्रदर्शनं भरवायची आणि गायकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घ्यायचे. प्रत्यक्षात तो हेर आहे हे कोपऱ्यावरच्या न्हाव्यालासुद्धा ठाऊक होतं. कचेरीत त्याला बोका म्हणत. कुठूनही फेकला तरी चार पायांवर पडणारा, आणि दुसऱ्याच्या घरात आपल्याच घरात शिरावं तसा शिरणारा.

बोक्याच्या स्वयंपाकघरातल्या दिव्यात कचेरीनं एक बारीक यंत्र बसवून ठेवलं होतं. सुरुवातीला ते ऐकायला तीन माणसं होती. मग ऐकलेलं तपासायला एक आला, तपासलेल्याचं भाषांतर करायला दुसरा, भाषांतर बरोबर आहे की नाही ते बघायला तिसरा, फिती लावून ठेवायला चौथा, गाडीला चालक, आणि चालकाच्या रजेच्या दिवसासाठी आणखी एक चालक. त्या एका माणसाच्या खोकल्यावर एकोणीस घरांतल्या चुली पेटत होत्या. त्याला सर्दी झाली की कचेरीत जादा पाळी लागायची. तो सुटीवर मायदेशी गेला की सगळे घरातलं माणूस गेल्यासारखे बसायचे. पाटी बघून लोक खरोखरच बिघडलेली शिवणयंत्रं घेऊन येत, म्हणून दोघं जण दुरुस्ती शिकले. इतकी शिकले की लांबलांबून गिऱ्हाइकं यायला लागली, आणि हेर पकडण्यापेक्षा शिवणयंत्रांतच कचेरीचं नाव मोठं झालं.

या एकोणीस जणांत सगळ्यात जुनी गिरणबाई. तिचा बाप पिठाची गिरणी चालवायचा आणि ती गिरणीतच लहानाची मोठी झाली. पट्टा फिरत असताना, जातं घरघरत असताना, गिऱ्हाईक दारात काय कुजबुजतं ते ही पाळण्यातून ऐकायची, असं तिची आई सांगे. आई थोडं वाढवून सांगत असेल, पण फार नाही. बोक्याची भाषा गिरणबाई तीन वर्षांच्या वर्गात शिकली. शिव्या मात्र खास बोक्याकडूनच.

तिला तो आवडत नव्हता असं म्हणणं म्हणजे आगीला ऊबदार म्हणणं. अकरा वर्षं रोज आठ तास ज्याचा घास गिळल्याचा आवाज कानात पडतो, त्याचा द्वेष करायला वेगळं कारण लागत नाही. पण बोका कारणंही पुरवायचा. बायकोशी फोनवर गोड गोड बोलायचा आणि फोन ठेवला की मित्रांना तिची नक्कल करून दाखवायचा. इथल्या लोकांवर नाकातून हसायचा. “यांना कुलूप दिलं ना,” तो एकदा पाहुण्याला म्हणाला होता, “तर हे किल्लीसकट दाराला टांगतात.” ते वाक्य गिरणबाईनं लिहून घेतलं तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

आता कचेरीचा एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

बोक्याला काही खरं बोलायचं असलं की तो स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडायचा. पत्र्याच्या मोरीवर पाण्याची धार पडायला लागली की कानात नुसता धबधबा. ऐकणाऱ्यानं वहीत लिहायचं : ‘नळ चालू, ऐकू येत नाही.’ दिवसातून चार-पाच वेळा हेच लिहून हात दुखायला लागले, तेव्हा कचेरीनं त्याचा रबरी शिक्का करून घेतला. शिक्का मारायचा, खाली सही करायची आणि उठायचं. कारण ऐकू येत नाही तर बसून करायचं काय? चहा प्यायचा. होता होता असं झालं की पलीकडे नळ सुटला की इकडे किटली चढायची. खालच्या मजल्यावरचा पडदेवालासुद्धा वरच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकून म्हणायचा, “चला, चार वाजले वाटतं.”

पहिल्याच वर्षी गिरणबाई साहेबांकडे गेली होती. साहेबांना कचेरीत थांबासाहेब म्हणत. कुणीही काहीही घेऊन गेलं की त्यांचा पहिला शब्द तोच असायचा.

“साहेब, पाण्याखालचं मला थोडं-थोडं ऐकू येतं,” ती म्हणाली होती. “सगळं नाही. पण निम्मं तरी.”

“थांबा,” साहेब म्हणाले. “तुम्हाला एकटीला ऐकू येतं?”

“हो.”

“म्हणजे बाकी सगळे बहिरे, असं मी वर कळवू? आणि तुम्ही काय ऐकलंत ते खरं की खोटं, ते कुणी तपासायचं? तपासनिसाला तर ऐकू येत नाही. बाई, राहू द्या. चहा घ्या.”

गिरणबाईनं चहा घेतला. पहिले काही महिने तिला तो कडू लागला, मग सवय झाली.

अकराव्या वर्षी, एका बुधवारी दुपारी, बंदरावरचं सरकारी गोदाम जळालं. पूर्वेकडच्या दारापाशी आग लागली आणि पाळी बदलताना आत-बाहेर करणारी माणसं मधेच अडकली. दोघं गेले. तिसरा, क्रेन चालवणारा, आपल्या सोबत्याला ओढायला परत आत शिरला. सोबती वाचला नाही आणि याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तो क्रेनवाला म्हणजे गिरणबाईचा जावई.

दवाखान्यात लेक खाटेशेजारी बसून नवऱ्याला चमच्यानं पाणी पाजत होती. वर भिंतीवर टीव्ही चालू होता. त्यात मंत्री टेबलावर मूठ आपटून सांगत होते की आगीमागे परक्या वकिलातीचा हात आहे, आणि सरकार गप्प बसणार नाही. त्या वकिलातीतल्या सात जणांना देशाबाहेर काढणार.

“ऐकलंस?” लेक म्हणाली. “काढणार म्हणे. विमानात बसवून! आमच्या माणसाचे हात जळाले आणि त्यांना खिडकीची जागा.”

“अगं, त्यांना पकडता येत नाही. कायदा आहे तसा. वकिलातीच्या माणसाला हात लावायचा नाही.”

“तुला बरं माहीत सगळं. शिवणयंत्रांच्या कचेरीत हेच शिकवतात का?”

घरी सगळ्यांना ती शिवणयंत्रांच्याच कचेरीत आहे असं ठाऊक होतं. नोकरीला लागताना तशी शपथ घ्यावी लागली होती.

“मला एकच हवंय, आई,” लेक चमचा खाली ठेवत म्हणाली. “ज्यानं हे केलं तो इथं नको. ज्या रस्त्यानं मी याला हात धरून चालवणार, त्या रस्त्यावर तो मला दिसायला नको. बाकी तुमच्या सरकारनं काय मुठी आपटायच्या त्या आपटाव्यात.”

जावई डोळे मिटून पडला होता. “हात धरून म्हणे,” तो म्हणाला. “धरायला हात कुठं आहे?” आणि आपल्याच विनोदावर हसायला गेला, पण हसताना दुखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थांबासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. वरून निरोप होता : उद्या दुपारी बारापर्यंत सात नावं द्या. साहेबांनी यादी तयारच ठेवली होती. वाचनालय सांभाळणारी बाई. पारपत्रांवर शिक्के मारणारे दोघे. जनावरांचा डॉक्टर. शेतकी अधिकारी, ज्याला गहू आणि गवत यांतला फरक कळत नाही अशी ख्याती होती. एक टंकलेखक. आणि एक म्हातारा, जो बहुधा निवृत्त झाला होता पण कुणाला खात्री नव्हती.

“आणि बोका?” गिरणबाईनं विचारलं.

“थांबा. बोका आपला आहे.”

“आपला?”

“बाई, नीट विचार करा. हा कुठं झोपतो, काय खातो, कधी खोकतो, सगळं आपल्याला पाठ आहे. याला काढला की त्याच्या जागी दुसरा येईल. तो कोण हे शोधण्यात दोन वर्षं जातील. ओळखीचा चोर केव्हाही बरा. शिवाय आपण सात काढले की ते आपले सात काढणार. मग चांगला मोहरा कशाला घालवायचा? सातच द्यायचेत ना, देऊ की सात.”

“म्हणजे ज्यांनी काही केलं नाही ते घालवायचे, आणि ज्यानं केलं त्याला सांभाळायचं.”

“त्यानं केलं याला पुरावा काय?”

“आणि त्याला काढला तर आपण ऐकायचं काय? खिडकीतले कावळे?” दुसरा चालक मागून म्हणाला. सगळे हसले.

गिरणबाई फितींच्या खोलीत गेली आणि आगीच्या आधीच्या आठ दिवसांतल्या सगळ्या वह्या तिनं काढल्या. कुणी चहाला बोलावलं तरी उठली नाही. जिथं जिथं शिक्का होता तिथली फीत लावायची आणि डोळे मिटून बसायचं. सोमवारी नळाखाली बोका कुणाला तरी मोटार विकत होता. शनिवारी बायकांबद्दल काहीबाही. मग आगीच्या आदल्या दिवशीची, मंगळवारची, दुपारी चार वाजून दहा मिनिटांची फीत आली.

धबधबा. त्याच्याखाली एक घोगऱ्या आवाजाचा पाहुणा. आणि बोका, अगदी शांत, अंडी उकडत ठेवल्यावर बोलायचा तसा : “उद्या. पाळी बदलताना. पूर्वेकडचं दार तेव्हा उघडं असतं.” पाहुणा काहीतरी म्हणाला. त्यावर बोका : “माणसं असली तर असू देत.”

तिनं फीत तीन वेळा मागं नेऊन ऐकली. मग वही बघितली. पानावर जांभळा शिक्का, सरळ, ठसठशीत, आणि खाली सही.

सही तिचीच होती.

त्या दिवशी चहाबरोबर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाची बिस्किटं होती आणि तिनं दोन घेतली होती, हेसुद्धा तिला आठवलं. काही गोष्टी विसरायची सोय देवानं ठेवलेली नाही.

थांबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं.

“बाई, ही फीत मी ऐकली तर मला काय ऐकू येईल?”

“पाणी.”

“मंत्र्यांना?”

“पाणीच.”

“आणि वही वाचली तर काय दिसेल? तुमची सही. गोदाम जळण्याच्या आदल्या दिवशी, जिला ऐकू येतं म्हणून जी स्वतः सांगते, ती बाई चहा पीत होती. हे तुम्ही वर सांगणार?”

“कचेरी चहा पीत होती, साहेब. अकरा वर्षं.”

“कचेरीची सही नसते. सही माणसाची असते.” साहेबांचा आवाज मऊ होता, मांजराच्या पंजासारखा. “जावई बरा होईल. लेकीला तुम्ही लागाल. घरी या असल्या गोष्टी समजल्या तर… थांबा, विचार करा.”

“अकरा वर्षं थांबलेच की,” गिरणबाई म्हणाली. “तुम्ही मला थांबवलंत आणि मी थांबले. तुमच्या तोंडाला फासायला मी काळं शोधत होते; शोधता शोधता माझेच हात भरले. पण उरलंय त्यात थोडं, तुमच्यापुरतं.”

फीत आणि वही पिशवीत घालून ती मंत्रालयात गेली.

सचिवबाई सडपातळ, कडक, आणि एका वेळी तीन कागद वाचणाऱ्या. त्यांनी फीत लावली. खोलीत पाणी वाहिलं. शेजारी उपसचिव आणि माहिती अधिकारी उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“यात तुम्हाला माणूस ऐकू येतो?” सचिवबाईंनी विचारलं.

“दोन माणसं.”

“बाई, असा पुरावा घेऊन मी मंत्र्यांकडे गेले तर ते मलाच कानाच्या डॉक्टरकडे पाठवतील.” मग त्या उपसचिव आणि माहिती अधिकाऱ्याकडे वळल्या. “तुम्ही दोघं. त्या टोकाच्या न्हाणीघरात जा. नळ सोडा, दार लावा आणि दोन मिनिटं बोला. काहीही.”

दोघं गेले. दार लागलं, पाणी सुरू झालं. गिरणबाई खुर्ची घेऊन बंद दारापाशी बसली. सचिवबाई घड्याळ घेऊन शेजारी उभ्या.

“पहिला म्हणतोय, एक दोन तीन, आज हवा छान आहे,” गिरणबाई म्हणाली. “दुसरा म्हणतोय, पुरे, म्हातारीला काही ऐकू येत नाही, थापा आहेत नुसत्या. पहिला म्हणतोय, म्हातारी सोड, आपल्या हिच्याच डोक्यात वारं शिरलंय. हिला निवृत्तीआधी पेपरात फोटो हवाय.”

“पुढं?”

“पुढचं तुमच्या केसांबद्दल आहे.”

“सांगा.”

“रंग लावते तो तरी दोन्ही बाजूंना सारखा लावावा, म्हणतोय.”

सचिवबाईंनी दार उघडलं. आत दोघं नळापाशी डोकी जुळवून उभे होते. “माझे केस,” त्या म्हणाल्या, “कोणत्या बाजूला कमी आहेत म्हणालात?”

म्हणतात की उपसचिवाच्या हातातला पेला मोरीत पडला तो फुटायलाही घाबरला.

खोलीत परतल्यावर सचिवबाईंनी वही उघडली. “ही सही?”

“माझी.”

“हे तुम्ही आणलं नसतं तर कुणाला कळलं नसतं.”

“नसतं कळलं. पण तो राहिला असता.”

“हाकलून काय साधतं असं वाटतं तुम्हाला? तुमचे साहेब सकाळीच फोनवर तासभर हेच विचारत होते. तो तिकडे जाईल, त्याला बढती मिळेल. ते आपले सात परत पाठवतील; तिथं आपली एक शाळामास्तरीण आहे, तिला तीन पोरं आहेत, तिलाही पाठवतील. मेलेले परत येत नाहीत.”

“मग कशाला काढता, बाई?”

सचिवबाईंनी पेन उघडलं. “कारण तो इथं राहिला की ज्या जेवणाच्या टेबलाशी बसावं लागतं ना, तिथं मी त्याच्यासमोर बसलेली आहे. मागच्याच महिन्यात. त्यानं मला मीठ पुढं केलं होतं.” त्यांनी शेतकी अधिकाऱ्याचं नाव खोडलं आणि त्यावर बोक्याचं लिहिलं. “तो बिचारा गवत आणि गहू बघत बसू दे.”

बोका तीन दिवसांत गेला. अकरा सुटकेसा, एक पियानो आणि चेहऱ्यावर असा भाव, जणू भाड्याचं घर नापसंत पडलं म्हणून तोच सोडून चाललाय. महिन्याभरात त्याला तिकडे मोठं पद मिळालं. त्यांनी आपले सात परत पाठवले. मास्तरीण तीन पोरं आणि एका पिंजऱ्यासकट विमानतळावर उतरली आणि तिनं दिसेल त्या अधिकाऱ्याला धारेवर धरलं. शिवणयंत्र केंद्र बंद झालं. थांबासाहेबांची बदली हवामानखात्यात झाली, जिथं वादळालाही ते थांबाच म्हणत असतील. दुरुस्ती शिकलेल्या दोघांनी खरंच दुकान काढलं. गिरणबाईला दोन ओळींचं पत्र आलं : उद्यापासून येऊ नये.

जावई घरी आल्यावर ती पहिल्यांदा गेली ती भर दुपारी. लेक नवऱ्याला भरवत होती. टीव्हीवर बोक्याच्या बढतीची बातमी होती.

“गेला हरामखोर,” लेक म्हणाली. “निदान गेला तरी. तो कोण होता ते ज्यानं शोधून काढलं, त्याचे पाय धुवावेत असं वाटतं मला.”

गिरणबाई उभीच राहिली. बसली असती तर बोलता आलं नसतं.

तिनं सगळं सांगितलं. पाटी, दिव्यातलं यंत्र, शिक्का, मंगळवार. बिस्किटंसुद्धा सांगितली. काही लपवायचं नाही असं तिनं जिन्यातच ठरवलं होतं, आणि थांबली तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे तिला माहीत होतं.

लेकीनं चमचा ताटात ठेवला. “किती वाजता?”

“चार वाजून दहा.”

“म्हणजे आख्खा दिवस हातात होता.”

“हो.”

“तू खुर्चीत बसून राहिली असतीस, तर याचे हात…”

“हो.”

“अगं, तिचं काय चुकलं,” जावई म्हणाला. “सगळेच उठायचे. मीही पाळीत उठतोच की.”

“तू गप्प बस,” लेक त्याच्याकडे न बघता म्हणाली. “तुला ऐकू येत नव्हतं. हिला येत होतं.” ती उठली. आईची पिशवी खुर्चीवर होती, ती तिनं उचलली, दार उघडलं आणि पिशवी बाहेर, उंबऱ्यापलीकडे ठेवली. फेकली नाही, नीट ठेवली.

“आई आहेस. तुला मी पोलिसात देऊ शकत नाही, मारू शकत नाही, आणि तू मेलीस तर मलाच रडायचंय. मला एवढंच करता येतं. तू इथं नको.”

“किती दिवस?”

“ते मी सांगेन. तू विचारायचं नाहीस.”

जावयानं पट्ट्या बांधलेले हात वर उचलले, काहीतरी म्हणायला. पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून परत मांडीवर ठेवले.

गिरणबाई बाहेर आली. दार आपटलं नाही. सावकाश लागलं आणि आतून कडी सरकली. तिनं पिशवी उचलली आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली. मधल्या वळणावर भाजीची पिशवी घेऊन शेजारीण वर येत होती.

“अगं बाई, एवढ्यात निघालात? आत्ताच तर आलात.”

“निघाले नाही,” गिरणबाई म्हणाली. “काढलं मला.”

“काढलं? कुणी?”

“ज्याचा अधिकार होता त्यानं.”

शेजारीण हसावं की नाही या विचारात भिंतीला चिकटून उभी राहिली. गिरणबाई तिच्या बाजूनं वाट काढून खाली उतरली. बाहेर ऊन होतं. बसथांब्यावर जायला उजवीकडे वळायचं होतं. ती वळली, आणि त्या घराच्या खिडकीकडे मान वर करून बघायची मुभा आता आपल्याला नाही, हे समजून सरळ चालत राहिली.